गुगेनहाइमचा उभा छेद : मॉडेलच्या कामाच्या नोंदी

१२ जून

काम पक्कं झालं. कला महाविद्यालयाच्या ताईंना न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाचं १:५० मापाचं मॉडेल हवंय, मधून कापलेलं, म्हणजे आतला चढता रॅम्प दिसेल. सोबत भिंतीवर लावायचे मजकूर, सगळे मराठीत. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे : "इमारत कशी दिसते ते पोरं फोनवर बघतात. ती अशी का झाली, ते दाखवा."

आतून घुमटापर्यंतची उंची साधारण २९ मीटर, म्हणजे मॉडेल दोन फुटांच्या आत बसतं. रॅम्पची लांबी जवळजवळ ४०० मीटर. आपण निम्मा गोल ठेवणार, तरी चार मीटरची पट्टी वळवत वर न्यावी लागेल. सुतारकाकांनी रेखाटन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मजले कुठायत?" मजले नाहीतच. मजकुराची पहिली ओळ तीच ठेवावी असं वाटतंय.

१६ जून

पहिल्या फलकाचा मजकूर. सुरुवात वास्तुकार राइटपासून करायची नाही, हिला रिबेपासून करायची.

फ्रँक लॉइड राइट हे नाव इतकं मोठं आहे की ज्या बाईने ही इमारत मागितली ती गोष्टीतून गळूनच पडते. रिबे जर्मनीत जन्मलेली चित्रकार. सॉलोमन गुगेनहाइम या खाणमालकाला कॅन्डिन्स्की आणि बाउअर यांच्या चित्रांची ओढ लागली ती तिच्यामुळे. १९३९ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या ५४ व्या रस्त्यावर भाड्याच्या जागेत संग्रहालय उघडलं. भिंतींवर करड्या कापडाच्या चुण्या, पायाखाली जाड गालिचे, रुंद चंदेरी चौकटींतली चित्रं जमिनीच्या अगदी जवळ टांगलेली, आणि बाख, शोपँ यांचं संगीत सुरू. चित्र पाहताना माणसाचं चित्त एकवटावं म्हणून केलेली ही सगळी मांडणी.

जून १९४३ मध्ये तिने राइटला पत्र लिहिलं. तिला आत्म्याचं मंदिर हवं होतं. राइट तेव्हा ७६ वर्षांचा. जागा ठरली नव्हती, युद्ध चालू होतं, पोलाद मिळत नव्हतं. तरी करार झाला.

विद्यार्थ्यांना हे सांगायला हवं. राइटच्या हाती रिकामा भूखंड आला नव्हता. चित्र कसं पाहायचं याबद्दलचा एक ठाम विचार आला होता. पुढे त्याने त्यातलं बरंच नाकारलं, पण बघणाऱ्याच्या शरीराकडून सुरुवात करायची ही रीत मला तरी रिबेचीच वाटते.

२१ जून

आराखड्यांचा दिवस. आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेली वास्तुकलेची मुलगी हुशार आहे. तिने पहिल्या काळातली सगळी रूपं एकाखाली एक लावली.

१९४३ च्या अखेरीपासून राइटने वेगवेगळे पर्याय काढले. एकात इमारत षट्कोनी आहे आणि जमिनी सपाट. बाकीच्यांत चक्राकार रॅम्प. कुठे गोल वर जाताना निमुळता होतो, कुठे रुंदावतो. एक चित्र तर चक्क गुलाबी रंगात आहे. जानेवारी १९४४ मध्ये त्याने रिबेला कळवलं त्याचा आशय असा : संग्रहालय म्हणजे खालपासून वरपर्यंत सलग पसरलेली एकच जमीन असावी, चाकाच्या खुर्चीवरचा माणूससुद्धा न अडता फिरू शकेल अशी.

नंतरच्या सगळ्या भांडणांचं मूळ या एका वाक्यात आहे. सलग जमीन हवी म्हणजे ढाळ आला. ढाळ आला म्हणजे चित्राची खालची कड आणि जमीन समांतर राहणार नाहीत. खोल्या नाहीत म्हणजे पाहणाऱ्याला मागे सरकायला जागा बेताचीच. एक गोष्ट धरली की बाकीच्या तिच्यामागून येतात, आणि त्यातल्या अर्ध्या गैरसोयीच्या असतात.

चक्राकार रॅम्पची कल्पना त्याच्याकडे आधीपासून होती, हेही फलकावर येऊ दे. १९२४-२५ मध्ये मेरीलँडमधल्या शुगरलोफ डोंगरासाठी त्याने गॉर्डन स्ट्राँग या मालकाला एक प्रकल्प काढून दिला होता. मोटारी बाहेरच्या बाजूने गोल गोल चढत माथ्यावर जाणार आणि आत तारांगण. तो बांधला गेला नाही. वीस वर्षांनी तोच फेरा त्याने आत आणला, उलटा केला आणि मोटारींच्या जागी माणसं चालवली. प्रतिभावंतांना नव्या कल्पना रोज सुचतात असं पोरांना वाटतं. एक कल्पना वीस वर्षं सांभाळायची आणि योग्य काम आलं की तिची आतली बाजू बाहेर करायची, हेही प्रतिभेचंच काम आहे.

२८ जून

आज बाहेरची भिंत बेतली. ती प्रत्येक फेऱ्यात वर जाताना बाहेर कलते. सरळ कापलेली पट्टी गोल वळवली तर भिंत ओळंब्यात उभी राहते, कलत नाही. कलती भिंत सपाट कागदावर उलगडली की कमान मिळते. घागऱ्याचा घेर बेतताना कापड कमानीत कापतात, तसंच. त्यात ही भिंत चढतेही आहे, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याची त्रिज्या वेगळी.

इंटर्नने सगळ्या कमानी संगणकावर उलगडल्या. उद्यमनगरातून माउंटबोर्डवर लेझरने कापून आणल्या. काकांनी एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या तक्त्याच्या) बारा उभ्या फळ्यांपैकी छेदात येणाऱ्या तेवढ्या आधी पायावर गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसवल्या आणि मगच भिंत लावायला घेतली.

या फळ्यांबद्दल लिहून ठेवतो. खऱ्या इमारतीत रॅम्प बारा उभ्या काँक्रीट भिंतींवर टेकलेला आहे, चाकाच्या आऱ्यांसारख्या केंद्राकडे तोंड केलेल्या. राइटला सुरुवातीला रॅम्प अधिक मोकळा हवा होता, आधार जवळजवळ दिसूच नयेत असा. चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेले अभियंते यारोस्लाव्ह पोलिव्का यांनी त्यावर बराच हिशेब केला. अखेर या आडव्या येणाऱ्या भिंती आल्या, आणि त्यांनी सलग रॅम्पचे कप्पे पाडले. प्रत्येक कप्पा म्हणजे एका-दोन चित्रांची जागा. कल्पनेच्या शुद्धतेला तिथे थोडा धक्का बसला हे खरं. पण मला कप्पे आवडतात. ते नसते तर रॅम्पवर पाय थांबलेच नसते.

३ जुलै

पाऊस. एमडीएफच्या कडा फुगतात, म्हणून प्रत्येक कडेला सीलर मारून पॉलिश पेपर फिरवला. आज रॅम्प जोडला नाही.

६ जुलै

सोळा वर्षं एका फलकात बसवायची आहेत. १९४३ ते १९५९. ताईंना सनावळी नको आहे, मलाही नको. पण इमारत कुठे अडली हे कळल्याशिवाय ती कशी घडली ते कळणार नाही.

सप्टेंबर १९४५ मध्ये प्लाझा हॉटेलात वार्ताहरांना मॉडेल दाखवलं गेलं. राइट, रिबे आणि गुगेनहाइम मॉडेलभोवती उभे आहेत, तो फोटो प्रसिद्ध आहे. आम्ही तो रोज बघतो, कारण त्यांचं मॉडेलही उघडून आत पाहता यायचं. जागा १९४४ मध्येच मिळाली होती : फिफ्थ अॅव्हेन्यू, ८९ व्या रस्त्याचा कोपरा, समोर सेंट्रल पार्क. म्हणजे जागा होती, आराखडा होता, मालकाकडे पैसाही होता. पण युद्धानंतर साहित्याचे भाव चढले आणि गुगेनहाइमने भाव उतरायची वाट पाहिली. ते काही उतरले नाहीत. नोव्हेंबर १९४९ मध्ये तो वारला. मृत्युपत्रात इमारतीसाठी २० लाख डॉलर ठेवून गेला.

मग माणसं बदलली. १९५२ मध्ये रिबेला संचालकपद सोडावं लागलं आणि जेम्स जॉन्सन स्वीनी आला. संस्थेचं नाव बदलून सॉलोमन आर. गुगेनहाइम संग्रहालय झालं. शहराच्या बांधकाम खात्याचे नियम चौकोनी इमारतींसाठी लिहिलेले. त्यात हा गोल कुठे बसवायचा यावर वर्षं गेली. रॉबर्ट मोझेस हा शहरातला सर्वांत वजनदार अधिकारी राइटचा लग्नसंबंधाने नातेवाईक होता, आणि इमारत मनापासून आवडत नसतानाही त्याने परवानगीसाठी जोर लावला. ऑगस्ट १९५६ मध्ये खोदाई सुरू झाली. राइट तेव्हा ८९ वर्षांचा, आणि प्लाझा हॉटेलातल्या खोल्यांत राहून काम पाहत होता.

या काळात सुमारे ७०० रेखाटनं आणि कामाच्या नकाशांचे ६ पूर्ण संच झाले, असं संग्रहालय सांगतं. इंटर्न म्हणाली, "सहा वेळा सगळं नव्यानं?" मी तिला म्हटलं, मोज की त्या सहा संचांत काय बदललं नाही. घुमट बदलला, दगडाच्या जागी काँक्रीट आलं, रंग बदलला, मुख्य गोल भूखंडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, मागचा मनोरा आला आणि गेला. सलग जमीन राहिली. फलकाचं शीर्षक ठरलं : "काय सोडलं, काय धरलं".

१२ जुलै

रॅम्प बसला. आता ढाळाचा प्रश्न प्रत्यक्ष समोर आहे.

ढाळ सुमारे ३ टक्के. ऐकायला काहीच नाही. आपल्या गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी याहून थोडाच कमी देतात. पण ३ मीटर रुंदीचं चित्र टांगलं तर त्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जमीन ९ सेंटिमीटर उतरते. आमच्या मापात ते चित्र ६ सेंटिमीटरचं आणि फरक दोन मिलिमीटरही नाही, तरी तो डोळ्याला खुपतो. काकांनी छोटी पाणसळ चित्रावर धरून ते अगदी आडवं लावलं. तरी वाकडं दिसतंय. मग त्यांनी चित्र जमिनीला समांतर लावलं, तर चित्रच घसरल्यासारखं. "कसंबी लावा, भांडणच हाय," ते म्हणाले.

हेच भांडण डिसेंबर १९५६ मध्ये झालं. एकवीस कलावंतांनी संचालक आणि विश्वस्तांना जाहीर पत्र लिहिलं. त्यांत विलेम द कूनिंग, फ्रान्झ क्लाइन, रॉबर्ट मदरवेल होते. त्यांचं म्हणणं, चित्र पाहायला स्थिर, काटकोनी चौकट लागते आणि ही उतरती, वळती जागा तिचा मुळीच मान राखत नाही. राइटला हे पटलं नाही. त्याच्या मते काटकोनी खोलीची सवय हाच अडथळा होता, आणि वळत्या जागेत चित्र सुटं, मोकळं होतं.

या पत्राची "जुन्या विचारांचे लोक नव्याला विरोध करतात" अशी वाट लावली जाते, ते मला मान्य नाही. ते त्या काळचे सर्वांत नवे चित्रकार होते. त्यांचे कॅनव्हास मोठे होत चालले होते आणि रॅम्पवरचं छत बुटकं, भिंत वळलेली. त्यांची काळजी खरी होती. मॉडेलमध्ये आम्ही एक कप्पा मुद्दाम मोठ्या चित्राचा ठेवतोय, मुलांनी वाकून स्वतः बघावं म्हणून.

१५ जुलै

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, ताई आणि मी. रीगल चौकातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बघायला. कावसजी जहांगीर हॉलचं रूपांतर करून ते १९९६ मध्ये उघडलं. आतली रचना वास्तुकार रोमी खोसला यांची. जुन्या सभागृहात अर्धवर्तुळाकार दालनं, वर जाणारे जिने, शेवटी घुमट. न्यूयॉर्कचं इथे काही नाही, पण वळत्या जागेत सपाट चित्र कसं वागतं ते आपल्या डोळ्यांनी पाहायला याहून जवळची जागा नव्हती.

दोन गोष्टी कळल्या. जमीन सपाट असली की वळण फारसं त्रास देत नाही. खटका उडतो तो ढाळामुळे. आणि मोकळ्या मध्याच्या पलीकडून, वरच्या कठड्यावरून दिसणारं चित्र वेगळंच असतं. जवळून पाहताना जे रंगाचे थर होते, ते लांबून एकसंध होतात. ताई बऱ्याच वेळ वरच्या कठड्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे आमच्या पोरांना कुठं मिळतं? वर्गात चार फुटांवरून बघतात आणि तेवढ्यावर चित्र ठरवतात."

राइटच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा हाच आहे. चित्रापासून मागे सरकायला त्याने जागा दिली नाही, हे अर्धंच खरं. मागे सरकायची जागा पलीकडच्या कठड्यावर आहे. मघाशी पाहिलेलं चित्र तिथून पुन्हा भेटतं, आणि पुढे येणारंही आधीच दिसतं. लिफ्टने माथ्यावर जायचं आणि रमत खाली उतरत यायचं, अशी त्याची योजना होती. आता तिथली बरीच प्रदर्शनं खालून वर लावतात.

२१ जुलै

प्रकाश. कामाचा हा भाग मला सर्वांत जवळचा.

राइटच्या नकाशात भिंतीचा वरचा काठ आणि पुढच्या फेऱ्याची सुरुवात यांच्यामध्ये काचेची सलग पट्टी आहे. वरून मोठ्या झरोक्याचा उजेड, बाजूने या पट्टीचा. भिंत मागे कललेली, म्हणजे चित्रही चित्रकाराच्या ईझलवर असतं तसं मागे कलतं आणि वरचा उजेड त्यावर अलगद पडतो. कलती भिंत, काचेची पट्टी, ढाळ : हे तीन निर्णय नाहीत, एकच आहे. आम्ही पट्टीच्या जागी दुधी अॅक्रिलिक लावून मागे एलईडी सोडला, तेव्हा हे कामगारांनाही न सांगता कळलं. दिवा बंद केला की कलती भिंत उगाच कललेली वाटते.

स्वीनीला हे चालणार नव्हतं. त्याला चित्रं उभी, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर आणि सतत सारख्या प्रकाशात हवी होती. दिवसाचा उजेड ढगाबरोबर बदलतो; संग्रहालय चालवणाऱ्याला ते परवडत नाही, हेही समजण्यासारखं आहे. त्याने भिंतींतून लोखंडी दांडे पुढे काढले आणि चित्रं त्यांवर भिंतीपासून सुटी, तरंगती लावली. राइटला हस्तिदंती छटा हवी होती, झाली पांढरी. कडेच्या पट्टीच्या उजेडाला विजेच्या दिव्यांनी बाजूला सारलं.

दांड्यांबद्दल मी स्वीनीच्या बाजूचा आहे. त्यांनी एकेका चित्राला त्याचा काटकोन परत दिला आणि रॅम्पलाही हात लावला नाही. उजेडाबद्दल नाही. तिथे इमारतीचं खरोखर नुकसान झालं असं मॉडेलसमोर बसून ठामपणे वाटतं. मॉडेलमध्ये दोन बटणं ठेवतोय : एक कडेच्या उजेडाचं, एक आतल्या पांढऱ्या दिव्यांचं. एका कप्प्यात चित्र भिंतीला टेकलेलं, शेजारच्यात दांड्यावर. मुलांनी आपलं मत आपण बनवावं.

१९५८ मध्ये राइटने आतल्या दृश्यांची काही चित्रं तयार केली, लोक आपल्या इमारतीत चित्रं कशी पाहतील ते पटवायला. एकात एक लहान मुलगी कठड्यावरून खाली यो-यो सोडते आहे. मागे महत्त्वाची कलाकृती आहे आणि पोर तिच्याकडे पाठ करून मधल्या पोकळीशी खेळतेय. वयाच्या नव्वदीत, इतक्या वादांनंतर माणसाला हे सुचतं, याने मी भारावून गेलो. मॉडेलमध्ये ती मुलगी हवीच. काकांनी तांब्याच्या तारेचा यो-यो केला.

२७ जुलै

काकांच्या मागणीवरून एक फलक बांधणाऱ्यांचा. ठेकेदार जॉर्ज कोहेन. बाहेरून प्लायवूडचा साचा उभा करायचा, आत सळ्यांची जाळी बांधायची आणि आतल्या बाजूने दाबाने काँक्रीट फवारायचं. त्यामुळे भिंत पातळ आणि सलग झाली. प्लायवूडच्या फळ्यांच्या खुणा पृष्ठभागावर राहिल्या. प्रसरणासाठी सांधे ठेवले नाहीत, म्हणून उन्हाळ्या-हिवाळ्यात भिंतीला तडे जात राहिले. २००५ ते २००८ च्या दुरुस्तीत रंगाचे थरावर थर खरवडून ते तडे तपासावे लागले. आज आपण जी फिकट करडी इमारत पाहतो, ती उघडली तेव्हा पिवळसर बदामी होती. मॉडेलला कोणता रंग द्यायचा यावर चर्चा झाली. बदामी द्यायचं ठरलं, कारण आपण घडण दाखवतोय.

इमारतीवर राइटच्या नावाबरोबर कोहेनचंही नाव कोरलेलं आहे. हे सांगितल्यावर काकांनी ती पाटी मॉडेलवरही करायला घेतली, नखाएवढी.

राइट ९ एप्रिल १९५९ रोजी गेला. संग्रहालय उघडलं २१ ऑक्टोबरला. दुसऱ्या वर्षी स्वीनीनेही पद सोडलं. फलकावर एवढंच.

२ ऑगस्ट

ताईंनी विचारलं होतं, आपल्याकडचं कोणी तिथे पोचलं का. पोचलं, आणि फार मानाने पोचलं. वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालयात. १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले होते. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात त्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन गुगेनहाइममध्ये झालं, संधिनी पोद्दार यांनी मांडलेलं. तेव्हा गायतोंडे जाऊन तेरा वर्षं झाली होती.

हा फलक सर्वांत शेवटी लावायचा नाही. रिबेच्या फलकासमोर लावायचा. रिबेला वस्तूंचं चित्रण नसलेली, निखळ रंगाकाराची चित्रं एका शांत जागी हवी होती. गायतोंडेंचा आग्रहही पुढे तोच राहिला. रोलर आणि चाकूने रंगाचे थर चढवायचे, काढायचे, आणि चित्राला कुठल्या वस्तूचं नाव चिकटू द्यायचं नाही. सत्तर वर्षांच्या अंतराने एका पत्राला मुंबईहून उत्तर जावं, तसं ते प्रदर्शन मला वाटतं. मुलांना हे आधीच कळलं तर त्या गोलाकडे ते परक्याची इमारत म्हणून बघणार नाहीत.

७ ऑगस्ट

शेवटची कामं. टेबलाची उंची बदलली : उभ्या विद्यार्थ्याचे डोळे तिसऱ्या फेऱ्याच्या कठड्याशी यावेत, म्हणजे पलीकडचं चित्र दिसेल. वरून पाहणाऱ्यासाठी घुमट कब्ज्यावर उघडतो. दिव्यांची वायर पायाच्या पोकळीतून काढली.

तीन फलक छपाईला गेले, बाकीचे ताईंनी वाचून परत दिले की जातील. "काय सोडलं, काय धरलं" या फलकावर त्यांनी पेन्सिलने लिहिलंय की विद्यार्थ्यांसाठी खाली मोकळी जागा ठेवा, त्यांना त्यांच्या चालू कामाबद्दल तेच दोन रकाने भरू देत. जागा ठेवली. पेट्या काका उद्या बांधतील. रॅम्पखाली थर्माकोलचे तुकडे द्यायचे, भिंतीवर भार येऊ द्यायचा नाही.